तीन हिरवी लुगडी

वकीलबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते गिऱ्हाईक म्हणून, आणि त्या दिवशी त्या माझ्या अब्बांना अजिबात आवडल्या नाहीत.

कर्जत स्टेशनाकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर आमचं कापडाचं दुकान आहे. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच गादीवर बसायला लागलो होतो. एक सडसडीत तरुण बाई दुकानात आल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. अब्बांनी नेहमीप्रमाणे पांढऱ्या पातळांच्या घड्या पुढे ओढल्या, तर त्या म्हणाल्या, "काळं कापड दाखवा."

"बाई, संक्रांत लांब हाय अजून," अब्बा म्हणाले. "काळं लुगडं आत्ताच कशाला?"

"लुगडं नको, कोटाचं कापड हवंय."

"कोट कोनाला शिवायचा?"

"मला. कोर्टात उभं राहायचंय."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मी अब्बांकडे पाहिलं. मग ठाण उलगडलं, भाव सांगितला. बाईंनी पैसे मोजून ठेवले, पुडकं उचललं आणि निघून गेल्या. अब्बांचं तोंड दिवसभर आंबट. मला वाटलं, बाईमाणसानं वकील व्हावं हे त्यांना पटलं नसेल. मी तसं म्हणालोही. तर ते म्हणाले, "वकील होऊ दे, नायतर कलेक्टर होऊ दे. पन भाव न करता कापड नेलं तिनं. हे चांगलं नाय."

हे वाचकांना समजावून सांगायला हवं. आमच्या धंद्यात घासाघीस न करता एकच कापड विकलं जातं, ते मयताचं. ज्याच्या घरात मयत आहे तो माणूस दुकानात येतो, भाव विचारत नाही, उलगडून बघत नाही, पैसे ठेवतो आणि जातो. बाकी लग्न असो, बारसं असो, गिऱ्हाइकानं भांडलंच पाहिजे. भांडण झालं की समजावं, कापड जिवंत माणसाच्या अंगावर जाणार आहे. वकीलबाईंना हे मी नंतर अनेकदा सांगून पाहिलं. दर वेळी त्यांचं उत्तर ठरलेलं, "उस्मानशेठ, मला वेळ नाही." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी एकदाही घासाघीस केलेली नाही. त्यांच्यात एवढा एक दोष आहे, तो आधीच सांगून टाकला. आता गौरव करायला मी मोकळा झालो.

श्रीमती शरयूबाई खोपकर यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान गौरव समितीनं मला दिला. मोठमोठे वकील, निवृत्त न्यायाधीश, शिक्षणसंस्थांचे चालक यांच्या पंक्तीत एका कापडवाल्याचं पान मांडलं आहे. समितीनं थोडक्यात लिहायला सांगितलं होतं. वारावर मोजणाऱ्या माणसाला पानांचा अंदाज येत नाही, तेव्हा जास्त झालं तर कात्री त्यांच्या हातात आहेच.

वकीलबाई मूळच्या भिसेगावातल्या. लग्न लहान वयात झालं आणि कुंकूही लवकरच गेलं. दिराच्या घरी पोळ्या लाटत बसायच्या ऐवजी त्या शिकल्या, मुंबईला जाऊन वकिलीची परीक्षा दिली आणि परत आपल्या गावी आल्या. काळ्या कापडानंतर काही महिन्यांनी त्या पुन्हा दुकानात आल्या त्या आमची माडी भाड्यानं मागायला. जागा द्यायला तेव्हा कोणी तयार नव्हतं. अब्बा म्हणाले, "देऊ. पन भाड्याची घासाघीस केलीत तरच." बाईंनी मागितलं तेवढं भाडं कबूल केलं. अब्बांनी कपाळाला हात लावला आणि भाडं आपणहून उतरवलं. तेव्हापासून माझ्या डोक्यावर कोर्ट भरतं आहे.

आमच्या जिन्यावरून किती बायका चढल्या त्याची मोजदाद मी ठेवली नाही. पण चढतानाचं पाऊल आणि उतरतानाचं पाऊल वेगळं वाजायचं, ते मला खालून ऐकू येई. वकीलबाईंची पद्धत सगळ्यांपेक्षा निराळी. कोणी बाई मार खाऊन आली, घराबाहेर काढली म्हणून आली, तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "तुझ्या माहेरी कोण कोण आहे?" रडणाऱ्या बाईला हे विचारणं मला विचित्र वाटायचं. एकदा मी तसं बोललो. त्या म्हणाल्या, "कायदा तालुक्याच्या गावी बसतो, उस्मानशेठ. तो यायच्या आत धावून येईल असं माणूस कोण, ते आधी माहीत हवं."

त्या रागीट आहेत हे लपवण्यात अर्थ नाही, निम्म्या तालुक्यानं तो राग पाहिला आहे. एका बड्या जमीनदारानं, आपल्या सुनेचा दावा त्यांनी सोडावा म्हणून, आंब्यांची पाटी पाठवली. बाईंनी आंबे जिन्यावर बसलेल्या पक्षकार बायकांना वाटले, दोन मलाही दिले, आणि रिकामी पाटी परत पाठवली. पाटीत दाव्याची नोटीस होती. आंबे गोड होते, हे मी त्या जमीनदाराला पुढे आवर्जून सांगितलं.

खालापूरच्या कोर्टात जायचं तर त्या एस. टी.नं जात. गाडीत शेजारी बसलेली बाई वाटेवरचं चौक गाव येईपर्यंत आपली सगळी कहाणी सांगून मोकळी व्हायची. फीचं विचारलं तर म्हणायच्या, "तिकीट तू काढलंस ना? झालं तर."

पण ज्या कामासाठी कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांनी त्यांचं नाव काढत राहावं, ते काम एका साथीत झालं. त्याचा मी साक्षीदार आहे, नुसता बोलण्यातला नाही, कोर्टातला. म्हणून ते सविस्तर सांगतो.

साठचं दशक अर्धं उलटलं होतं. पटकीची साथ तेव्हा देशोदेशी फिरत होती, ती फिरत फिरत आमच्या कुलाबा जिल्ह्यातही आली. (रायगड हे नाव जिल्ह्याला पुढे मिळालं.) विहिरींत पावडर पडली, शाळांतून खाटा पडल्या, डॉक्टरांचं पथक जीप घेऊन गावोगाव टोचत हिंडू लागलं. पटकीनं गेलेल्याला कोणी शिवायचं नाही, माणसं जमवायची नाहीत, वेळ न घालवता अग्नी द्यायचा, असं सगळीकडे सांगितलं गेलं. साथीपुरतं ते बरोबरच होतं. पण त्यामुळे आमच्याकडची एक रीत बाजूला पडली.

नवरा असताना बाई गेली, तर तिला हिरवं लुगडं नेसवतात, आणि ते लुगडं माहेरचंच लागतं. भाऊ किंवा बाप ते घेऊन येतो. माहेरच्या बायका तिला शेवटची आंघोळ घालतात, नेसवतात, ओटी भरतात. ते होईपर्यंत तिरडी उचलायची नाही. श्रीमंत असो की गरीब, यात सूट नाही. वकीलबाई या रीतीला गरिबाचा पंचनामा म्हणत. आंघोळ घालणाऱ्या आईपासून लेकीच्या अंगावरचा वळ लपत नाही.

साथीच्या सुरुवातीलाच खालापूरकडचा एक म्हातारा माझ्याकडून लेकीसाठी हिरवं लुगडं घेऊन गेला. अर्थातच भाव न करता. दुसऱ्या दिवशी तो ते तसंच काखेत घेऊन परत आला.

"परत घ्या, शेट," तो म्हणाला. "नेसवायला कोन ऱ्हायलं नाय. मी पोचलो तवा राख बी थंड झाली हुती. पटकी झाली म्हनतात. आदल्या दिशी सकाळी बाजारात भेटली हुती मला, हसत हुती. घरात दुसऱ्या कुनाला कायसुदीक नाय."

मयताचं कापड दुकानात परत घेत नाहीत. मी घुटमळलो. तेवढ्यात जिन्यावरून वकीलबाई खाली आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तिला शेवटची आंघोळ कोणी घातली?" त्यांनी विचारलं.

"कोनी नाय."

"अंग कोणी बघितलं?"

"कोनीच नाय, बाई. साथ हाय ना."

त्या मुलीला सासरी काय त्रास होता ते म्हाताऱ्यानं सांगितलं. वकीलबाई त्याला घेऊन कुठे कुठे फिरल्या. पण देह नाही, बघणारं कोणी नाही, आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडी पटकी एवढा एकच शब्द. कायद्याला हात घालायला काही उरलंच नव्हतं. वकीलबाईंना हरताना मी तेव्हा पाहिलं. म्हाताऱ्याचं लुगडं त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलं. ते अजून त्यांच्या माडीवरच्या कपाटात आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. उद्यापासून बाजार बंद, बाहेरगावच्या माणसानं कर्जतेत यायचं नाही, अशी दवंडी सकाळी पिटली होती. दुपारी वकीलबाई कोर्टातून आल्या तेव्हा मी दुकानाची एक फळी लावून आवराआवर करत होतो. मी म्हणालो, "बाई, वाईट बातमी आहे. आपली नमी गेली."

नमी म्हणजे नर्मदा. कर्जतपासून फार लांब नाही अशा एका गावात तिला दिलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली आजची पिढी वेगळी आहे. मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्यानं तिला हाकललं होतं आणि दुसरी करायला निघाला होता. वकीलबाईंनी तिला पोटगी मिळवून दिली, आणि पहिली हयात असताना दुसरी केलीस तर तुरुंगात जाशील हेही त्याला भर कोर्टात ऐकवलं. तेव्हा तो एकदम नरम झाला. पोटगी कशाला, मी तिला नांदवतो, म्हणाला. नमी परत गेली. सवत येणार नाही म्हणून ती खूश होती. वकीलबाई नव्हत्या. कायद्यानं तिला घर मिळालं होतं, पण पहिली हयात असेपर्यंत दुसरी करता येत नाही याचा दुसरा अर्थही त्या नवऱ्याला समजला असणार, ही धास्ती त्यांनी माझ्यापाशी बोलून दाखवली होती.

बातमी ऐकून त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. मग विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिचा दीर येऊन गेला ना मघाशी. हिरवं लुगडं घेऊन गेला. पटकीनं गेली म्हणाला."

"दीर? लुगडं माहेरचं असतं, शेठ."

"साथ आहे, बाई. माहेरचे कुठून येणार?"

"तिचा भाऊ चौकला आहे. चहाची टपरी आहे त्याची, हमरस्त्यावर. निरोप द्यायचा तर कोणत्याही गाडीवाल्याबरोबर पोचला असता. कळवलं का त्याला?"

मी ते विचारलं नव्हतं.

"मग दीर लुगडं घेऊन गावाकडे गेला?"

"नाही," मी म्हणालो. "समोरच्या हॉटेलात बसला. भजी खाल्ली, चहा घेतला, मग गेला."

वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. तो चेहरा मी विसरलो नाही.

"घरात मयत पडलंय आणि माणूस भजी खातो?"

मला तोपर्यंत काहीच खटकलं नव्हतं. मी कापडवाला, गिऱ्हाइकानं पुढे काय खाल्लं त्याच्याशी मला काय करायचंय? पण त्यांनी म्हटल्यावर लख्ख दिसलं. मयत उचलल्याशिवाय त्या घरातलं माणूस पाणीसुद्धा पीत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ती ठरवून मोडत नसते. भजी खाणाऱ्याच्या घरात मयत नव्हतं. मयत अजून व्हायचं होतं. उद्यापासून बाजार बंद, लुगडं मिळणार नाही, आणि गावानं नावं ठेवायला नकोत, म्हणून पठ्ठ्या आगाऊ खरेदी करून गेला होता.

"ती जिवंत आहे," वकीलबाई म्हणाल्या. "चला."

"मी कशाला?"

"लुगडं कोणी नेलं ते ओळखायला."

त्या सरळ शाळेत गेल्या, साथीच्या पथकाकडे. डॉक्टर तरुण होते आणि टोचून टोचून थकले होते. वकीलबाईंनी त्यांना विचारलं, "रोगी लपवून ठेवणं हा या साथीत गुन्हा आहे ना? आणि घरात शिरून रोगी बघायचा अधिकार तुम्हाला आहे?" डॉक्टर म्हणाले, "आहे." "मग रोगी कुठे आहे ते मी दाखवते." पाचव्या मिनिटाला आम्ही जीपमध्ये होतो. ज्या साथीचा आडोसा त्या लोकांनी घेतला होता, त्याच साथीच्या कायद्यानं वकीलबाईंनी त्यांचं दार वाजवलं. पोलीस कधी येतील, तक्रार कोण देईल, असल्या प्रश्नांत त्यांनी वेळ घालवला नाही.

नवरा अंगणातच होता. आम्हाला पाहून आडवा आला.

"आत येऊ नका. पटकी हाय घरात. ती गेली, आता काय ऱ्हायलं नाय."

"गेली असेल तर दाखवा," वकीलबाई म्हणाल्या. "पटकीचं मयत डॉक्टरांनी बघितल्याशिवाय उचलायचं नाही, असा आदेश आहे."

त्याच्या पाठीशी उभा असलेला दीर मागे सरकला. मी त्याला ओळखलं आणि तसं मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या दारातून एक म्हातारी कुणाला उद्देशून न बोलता म्हणाली, "गोठ्याकडं बगा गं. कालधरनं पानी मागत्ये पोर."

गोठ्याला लागून एक खोली होती, बाहेरून कडी घातलेली. डॉक्टरांनी ती काढली. आत नमी जमिनीवर पडली होती. पटकी तिला खरंच झाली होती. ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते. आत पाण्याचं भांडं नव्हतं. दांडीवर माझ्या दुकानातलं हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. तिनं मान वळवून वकीलबाईंकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज फुटला नाही, पण काय मागते आहे ते आम्हा सगळ्यांना कळलं.

डॉक्टरांनी तिथेच सलाइनची सुई लावली. शाळेतल्या खाटेवर ती वाचेल की नाही याची पुढचे काही दिवस खात्री नव्हती. चौकचा तिचा भाऊ टपरी बंद करून तिच्या उशाशी बसला. वकीलबाई कोर्टातून सरळ तिथे जात. ती पहिल्यांदा नीट बोलली ते भावाशी. "दादा, च्या दे ना रं," म्हणाली. आजवर कोणत्याही चहाला एवढा भाव आला नसेल.

खटला अलिबागला चालला. बचाव असा होता की, पटकीच्या रोग्याला पाणी देऊ नये अशी खेड्यातली समजूत आहे, अडाणी लोकांनी भल्यासाठीच पाणी तोडलं. ती समजूत होती हे खरंच. मग मी पिंजऱ्यात उभा राहिलो. समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही मुसलमान. हिंदूंच्या मयताच्या रीती तुम्हाला काय माहीत?" मी म्हणालो, "साहेब, आमच्या तीन पिढ्या तुमच्या गावांना शेवटचं नेसवत आल्या." न्यायाधीश खाली बघून लिहीत राहिले, पण हसल्यासारखे वाटले. सरकारी वकिलांच्या शेजारी बसलेल्या वकीलबाईंनी त्यांना हळूच एक प्रश्न सुचवला. दीर आपल्या बचावाची जबानी द्यायला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांनी तो त्याला विचारला: "पाणी भल्यासाठी तोडलं, तर लुगडं कशासाठी आणलं?"

दोघा भावांना शिक्षा झाली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "बाई, तो डॉक्टरांनी मयत बघायचा आदेश कुठल्या कलमाखाली होता?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आदेश दाखवा असं कोणी म्हटलं असतं तर पंचाईत होती. कोणी म्हटलं नाही." म्हणजे आम्ही दार वाजवलं त्या दिवशी असा काही आदेश नव्हताच. पण नमीला शाळेत दाखल केलं त्याच आठवड्यात त्यांनी मामलेदारांच्या मागे लागून तो काढवून घेतला. साथ असली तरी बाई गेली की माहेरी निरोप जायलाच हवा आणि डॉक्टरांनी बघितल्याशिवाय अग्नी द्यायचा नाही, अशी दवंडी दोन्ही तालुक्यांत पिटली गेली. थापेलाही त्यांनी खरं करून दाखवलं, आणि ते मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत अभिमानाचं वाटतं. ती साथ आणखी काही दिवस राहिली. त्या दिवसांत हिरव्या लुगड्यांसाठी माझ्या दुकानात दीर आले नाहीत, भाऊच आले.

अलीकडच्या वर्षांत कायदा पुष्कळ बदलला आहे. सासरच्या छळाला कलम आलं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीनं गेली तर तिची तपासणी करायची, असं आलं. हुंड्यापायी झालेल्या मृत्यूलाही कलम आलं. वर्तमानपत्रात ही बातमी आली त्या सकाळी वकीलबाई दुकानात बसून चहा घेत होत्या. मी म्हणालो, "घ्या, तुमची दवंडी दिल्लीला पोचली." त्यांना बरं वाटलं, ते दिसलंही. पण पेपर घडी करून ठेवताना त्या म्हणाल्या, "आठव्या वर्षी बाई मरत नाही का, उस्मानशेठ?" आणि जिना चढून कामाला गेल्या. त्या प्रश्नावर त्यांचं लिखाण चालूच आहे, साठी आली म्हणून ते थांबलेलं नाही.

माझ्यावरचे त्यांचे उपकार सांगायचे तर वेगळा ग्रंथ काढावा लागेल. एकच सांगतो. माझी थोरली झुबेदा मॅट्रिक झाली तेव्हा तिला पुढे शिकवावं की नाही यावर आमच्या घरात आठवडाभर खल चालला होता. वकीलबाईंनी मला काही समजावलं नाही. त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "काळं कापड द्या. कोटाचं. झुबेदाच्या मापाचं." पैसे ठेवून गेल्या. भाव केला नाहीच. झुबेदा आज त्यांच्याच माडीवर बसते, आणि जिन्यावरून चढणाऱ्या बाईला पहिला प्रश्न माहेरचाच विचारते.

आता शेवटचं, आणि हे खरं तर गुपित आहे. पण हा ग्रंथ समारंभातच हातात पडणार असल्यामुळे फोडायला हरकत नाही. गेल्या आठवड्यात नमी दुकानात आली. ती आता भावाच्या शेजारी स्वतःची खानावळ चालवते. चौकला उतरणारे ट्रकवाले तिला मावशी म्हणतात आणि तिला घाबरतात. म्हणाली, "चाचा, हिरवं लुगडं दाखवा. वकीलबाईंच्या सत्काराला द्यायचंय."

मी म्हणालो, "नमी, त्या इतकी वर्षं पांढरं नेसतात. हिरवं चालेल का?"

"मला म्हाईत हाय त्या काय नेसतात. मला मरायच्या आधी हिरवं आनलं हुतं, तवा कोनी इचारलं नाय मला चालंल का. मी त्यांना जित्तेपनी नेसवनार. माझं माहेर त्याच हायत. माहेराला एकदा लेकीनं बी नेसवावं."

मी दुकानातलं सगळ्यात चांगलं लुगडं काढलं आणि म्हणालो, "घेऊन जा. पैसे राहू देत."

तर ती भडकली. "फुकट? फुकट न्यायला काय मयत हाय का? भाव सांगा." मी भाव सांगितला. तिनं तो ऐकून दुकान डोक्यावर घेतलं. काठ बारीक आहे म्हणाली, रंग जाईल म्हणाली, नेरळला याहून स्वस्त मिळतं म्हणाली, दोनदा उठून पायरी उतरली आणि परत आली. आजूबाजूचे दुकानदार बघायला जमले. मी इंच इंच उतरत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की तो लपवताना नाकी नऊ आले. शेवटी लुगडं काखेत मारून ती म्हणाली, "लुटलंत चाचा गरिबाला," आणि हसत गेली. एक लुगडं उशिरा पोचलं होतं, एक वेळेआधी आलं होतं. हे तिसरं बरोबर वेळेवर चाललं आहे.

वकीलबाई ते नेसतील की नाही हे मी सांगू शकत नाही, त्या कोणाचं ऐकत नाहीत. माझं मागणं वेगळं आहे. बाई, आयुष्यभर तुम्ही जो भाव सांगितला तो देऊन मोकळ्या झालात. आता एकदाच, माझ्यासाठी, नमीसाठी, जिन्यावर अजून चढायच्या आहेत त्या बायकांसाठी, वरच्या दुकानदाराशी चांगली घासाघीस करा. पायरी उतरा, परत या, काठ बारीक आहे म्हणा. तो कितीही म्हणाला तरी शंभराच्या खाली एक वर्षसुद्धा उतरू नका.